मी घडीची खुर्ची, मला एक खोली हवी

मित्रांनो, मला उघडायला दोन हात लागतात आणि मिटायला एक गुडघा. माझ्या दोन्ही बाजूंना पेला ठेवायचे जाळीचे खिसे आहेत, त्यातला डावा फाटलाय. ओळखलंत? मी एक जुनी, हिरव्या कापडाची, घडीची खुर्ची. लांब पिशवीत घालून, खांद्याला लटकवून मैदानावर नेतात ना, तीच मी. मला जे सांगायचंय ते जरा अवघड आहे, कारण ते मोठ्या माणसांच्या एका औषधाबद्दल आहे, आणि खुर्चीने औषधाबद्दल बोलू नये असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. वाटू दे. ज्यांनी बोलायला हवं ते चारुदत्तकाका बोलत नाहीत, आणि मी त्यांच्या सगळ्यात जवळ असते. त्यांच्या खालीच असते म्हणा ना.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शिवणयंत्रांची घरघर आठवते, मग एका खोक्यातला लांबच लांब अंधार. उजेड दिसला तो न्यू जर्सीतल्या एका प्रचंड दुकानात. तिथून चारुदत्तकाका आणि वसुधाकाकूंनी मला घरी आणलं, कारण त्यांची मुलगी विनीता सॉकर खेळायला लागली होती आणि आई-बाबांना मैदानाच्या कडेला बसायला काहीतरी हवं होतं. काकांनी मला दुकानातच उघडलं, धपकन बसले, पाय पसरले आणि म्हणाले, ही घेऊ, हिच्यावर झोप छान लागेल. ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

काय दिवस होते ते! ओल्या गवतात माझे पाय रुतायचे. विनीताने गोल केला की काका इतक्या जोरात उठायचे, की मी मागे उलटी पडायचे आणि परत बसताना काका माझ्याबरोबर जमिनीवर. मराठी मंडळाच्या उन्हाळी पिकनिकला मला मोठा मान असायचा. ज्या कोणाच्या सासूबाई त्या वर्षी भारतातून आलेल्या असतील, त्यांना मी मिळायचे. चार जुलैला नदीकाठी फटाके बघायला गेलो की काकू माझ्यावर ओढणी टाकून जागा धरून ठेवायच्या, आणि आजूबाजूचे अमेरिकन बिचारे त्या ओढणीकडे बघून निमूट पुढे सरकायचे. त्यांना वाटायचं काहीतरी नियमच असेल.

मग विनीता मोठी झाली, इंजिनियर झाली आणि नोकरीसाठी मिशिगनमधल्या नोव्हाय गावी गेली. काका-काकूंनी घर विकलं आणि जर्सी सिटीत स्टेशनजवळच्या उंच बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायला आले, म्हणजे काकांना मॅनहॅटनला ऑफिसला जाणं सोपं. माझी रवानगी कपाटात झाली, मोठ्या कुकरच्या आणि तीन सूटकेसच्या मागे. तिथे मी किती वर्षं होते कोण जाणे. मित्रांनो, वापरात नसलेल्या खुर्चीला वेळ कळत नाही.

मला पुन्हा बाहेर काढलं ते काकूंनी, आणि त्यांनी मला कुठे ठेवलं असेल? बाथटबमध्ये. मी, सॉकरच्या मैदानावरची मानाची खुर्ची, बाथटबमध्ये! मला इतका राग आला होता. मग काका आले, भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत, आणि माझ्यावर बसले तेव्हा माझा राग गेला. ते निम्मे झाले होते. पूर्वी ते बसले की माझ्या कड्या कुरकुरायच्या, आता एकही कडी बोलली नाही.

त्यांना कॅन्सर झाला होता. तो बरा झाला, पण त्याची औषधं पायांच्या नसा बिघडवून गेली. काका म्हणायचे की पाय म्हणजे सुयांनी भरलेली पिनकुशनं झालीत. जेवण जात नव्हतं, झोप नव्हती. बरीच औषधं करून झाल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी कॅनबिस सुचवलं. म्हणजे गांजा. काका हा शब्द सरळ बोलायचे आणि काकू लगेच दारं-खिडक्या बघायच्या. आमच्या राज्यात एकवीस वर्षांवरच्या माणसाला तो दुकानातून रीतसर विकत घेता येतो, काकांकडे तर डॉक्टरांचं कार्डही आहे. त्याच्या गोळ्या मिळतात, पण त्या काकांच्या पोटात टिकत नव्हत्या, उलटून पडायच्या. थोडासा धूर घेतला की मात्र सुया मंदावायच्या. अर्ध्या तासाने ते वरणभात मागायचे. त्यांनी पहिल्यांदा मागितला तेव्हा काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या, मी आतून ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, मग अडचण काय? अडचण ही की घ्यायचा कुठे. बिल्डिंगमध्ये धूर करायला बंदी आहे, बाल्कनीतसुद्धा. म्हणून बाथटब, पंखा चालू आणि दाराखाली टॉवेल. आणि वास झाकायला काकू धूप लावायच्या. नुसता धूप लावला तर कोणाला संशय येईल म्हणून घंटाही वाजवायच्या आणि आरती म्हणायच्या. काका आत धूर सोडतायत आणि काकू बाहेर देवाला ओवाळतायत. देव काय म्हणत असेल असं काकांनी एकदा विचारलं, तर काकू म्हणाल्या की देवाला सगळं माहीत आहे, रत्नाला नाही.

रत्ना म्हणजे त्याच मजल्यावरची शेजारीण. मूळची नागपूरची, बँकेत आयटीमध्ये, फार उत्साही आणि मनाने चांगली. बिल्डिंगमधल्या सगळ्या मराठी घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप तीच चालवते. तिला रोज संध्याकाळी धुपाचा वास यायला आणि घंटा ऐकू यायला लागली आणि तिची समजूत झाली, की काकांच्या आजारपणामुळे काकूंनी काहीतरी कडक व्रत धरलंय. एका संध्याकाळी ती केळी आणि हार घेऊन आरतीला आली. दुसऱ्या दिवशी अजून दोघी आल्या. काकू दाराशी प्रसाद म्हणून साखर देतायत आणि आत बाथरूममध्ये काका माझ्यावर श्वास रोखून बसलेत, हे मी स्वतः अनुभवलंय. त्यांना हसू येत होतं आणि हसलं की खोकला येत होता. मंडळातसुद्धा नाव झालं. वसुधाकाकूंसारखी श्रद्धा पाहिजे, असं लोक म्हणायला लागले.

पण बाथरूमचा पंखा हवा वरच्या मजल्यावर नेतो आणि वरच्या मजल्यावर आरती पोचत नाही. बिल्डिंगचा मॅनेजर येऊन गेला. नम्रपणे बोलला, पण बोलला की पुन्हा तक्रार आली तर घर सोडावं लागेल.

तेव्हापासून काका मला खांद्याला लटकवून बाहेर पडायला लागले. काकूंनी धूप-आरती तशीच चालू ठेवली, एकदम बंद केली तर रत्नाने कारण विचारलं असतं. ह्या शहरात आम्ही किती ठिकाणी उघडलो आणि मिटलो! बागेत बंदी. नदीकाठच्या रस्त्यावर बंदी. गाडीत बसून घ्यावं तर त्यालाही मनाई, आणि ते बरोबरच आहे. एकदा आम्ही पार्किंगच्या कोपऱ्यात बसलो होतो तर एक पोलीस आला. तरुण होता, काकांना सर म्हणत होता. इथे नाही घेता येणार, म्हणाला. काकांनी त्याला शांतपणे विचारलं, "मग कुठे?"

तो खरंच विचार करायला लागला. इकडे तिकडे बघितलं त्याने. मग म्हणाला, "आय डोन्ट नो, सर."

मित्रांनो, मला त्याचा राग नाही आला. तो खरं बोलला. विकत घ्यायला दुकान आहे, जवळ बाळगायला परवानगी आहे, आणि ज्याचं स्वतःचं घर नाही त्याला वापरायला साडेतीन फूट जागा नाही. दारू पिणाऱ्याला बार असतो. तिथे टेबल असतं, दिवे असतात, कोणी जास्त प्यायला लागला तर आता पुरे म्हणणारं माणूस असतं. काकांकडे मी होते. मी कापडाची आणि चार नळ्यांची. मी वारा अडवू शकत नाही, छप्पर होऊ शकत नाही, पोलिसाशी बोलू शकत नाही. मी फक्त उघडू शकते, तेही कोणी उघडलं तर.

शेवटी आम्हाला एक बोळ सापडला, मिस डेनिसच्या दुकानामागचा. मिस डेनिस ह्याच शहरात वाढलेली, साठीची बाई. पूर्वी तिथे तिची लाँड्री होती, आता लायसन्स काढून तिने कॅनबिसचं दुकान टाकलंय. तिने काकांना मागच्या दारातून बघितलं आणि एक उशी आणून माझ्यावर ठेवली. आत ये म्हणू शकत नाही, म्हणाली, लायसन्स जाईल. पण मागची लाँड्रीची खोली रिकामीच होती आणि तिथे लाउंज, म्हणजे गिऱ्हाइकांना आत बसून कॅनबिस घेता येईल अशी खोली, करायचं तिच्या मनात होतं. तिने काकांना सगळं समजावून सांगितलं. हवा वर छतावरून बाहेर टाकणारा मोठा पंखा, सोफे, दाराशी ओळखपत्र तपासणारा माणूस, आत दारू नाही, एकवीसच्या आतलं कोणी नाही. कायद्यात त्याला वाट आहे, पण शहराच्या पालिकेकडे परवानगी मागायला जायच्या आधी आजूबाजूच्या लोकांची सभा घ्यायची होती.

त्या दिवशी काका घरी येताना मला काठीसारखं टेकवत नव्हते, फिरवत होते. काकूंना म्हणाले की मला खोली मिळणार आहे, सोफा आहे, पंखा आहे, फक्त तुझी आरती नाही. काकू हसल्या. त्यांनी त्या संध्याकाळी धूप लावला नाही.

आणि आता काय झालं ते ऐका. रत्नाच्या ग्रुपवर मेसेज आला, आपल्या कोपऱ्यावर गांजाचा अड्डा येतोय, सगळ्यांनी सभेला या. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या बोळाच्या तोंडाशीच शाळेच्या बसचा थांबा आहे. तिची सात वर्षांची केया तिथे उभी राहून रोज विचारते, "मम्मा, इज देअर अ डेड स्कंक हिअर?" स्कंक म्हणजे इथला एक दुर्गंधी सोडणारा प्राणी, गांजाचा वास तसाच येतो. दुकानच इतका वास मारतंय तर लाउंज झाल्यावर काय, असं रत्नाने लिहिलं होतं. मग सगळ्यांच्या वतीने बोलणार कोण? कोणीतरी वयाने मोठं, ज्यांच्या शब्दाला वजन आहे, ज्यांच्या घरात रोज आरती होते.

बरोबर ओळखलंत. रत्ना घरी आली, काकूंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली की काकू, तुम्हीच बोला. काकूंना नाही म्हणता आलं नाही. का नाही आलं, हे मला कितीही उलगडून सांगितलं तरी कळणार नाही, मी खुर्ची आहे. पण माणसं एकदा चांगलं म्हणायला लागली की त्यांच्यासमोर खरं बोलणं फार जड जातं, इतकं मला दिसलं.

काका रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. ते म्हणाले, बोल, तुझं इंग्लिश माझ्यापेक्षा बरं आहे. काकू म्हणाल्या की मी उद्या नाही म्हणून कळवते. त्यांनी कळवलं नाही.

सभा चर्चच्या तळघरात होती आणि तिथे खुर्च्या पुरणार नव्हत्या, म्हणून ज्याने त्याने आपापली आणायची होती. अशी मी सभेला गेले. माझ्यासारख्या किती होत्या तिथे! निळ्या, लाल, एक तर झालरीची छत्री असलेली. एरवी मी त्यांच्याशी गप्पा मारल्या असत्या. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष माझ्यावर बसलेल्या काकांकडे होतं.

मिस डेनिस बोलली. तिच्याकडे खोलीचा नकाशा होता. लोकांनी पंखा, पार्किंग, बंद करायची वेळ, सगळं विचारलं. बिल्डिंगमधला ईशान उठला, पुण्याचा मुलगा, व्हिसावर. तो प्रामाणिकपणे म्हणाला की त्याला वैयक्तिक काही अडचण नाही, पण केंद्र सरकारच्या कायद्यात हे अजून बसत नाही, त्याचं ग्रीन कार्ड अडकलेलं आहे, आणि असल्या कशाच्या बाजूने त्याचं नाव कुठेही यायला नको. आमच्या रांगेतल्या निम्म्या माना हलल्या.

मग काकूंचं नाव पुकारलं. त्या पुढे गेल्या. माइक खाली करून घेतला. नाव सांगितलं, ह्या भागात किती वर्षं राहतो ते सांगितलं, मुलांची काळजी सगळ्यांना असते हे सांगितलं. रत्ना मान हलवत होती.   मग इंग्लिश सोडून काकू एकदम मराठीत, सरळ रत्नाकडे बघून बोलल्या.

"रत्ना, केयाला वास येतो ना? तो दुकानाचा नाही गं. तो आमच्या ह्यांचा आहे. ह्यांना आत बसायला जागा नाही म्हणून हे बाहेर बसतात. खोली झाली तर वास आत जाईल. एवढंच आहे."

रत्ना म्हणाली, "काकू, आणि ती आरती?"

"ती वास झाकायला."

मग काकूंनी तेच इंग्लिशमध्ये सांगितलं. नीट सांगितलं. कॅन्सर, पाय, उलटून पडणाऱ्या गोळ्या, बाथटब. बाथटबला लोक हसले आणि मग हसल्याबद्दल ओशाळले. माझ्यावर बसलेले काका जमिनीकडे बघत होते. काकू म्हणाल्या की माझा नवरा लपून बसणारा माणूस नाही, त्याला लपून बसवलंय. ज्याला कायद्याने औषध मिळतं त्याला ते घ्यायला दार असलेली एक खोली मिळावी, इतकंच मागणं आहे, आणि मी विरोध करायला आले होते पण मला तो करता येत नाही.

टाळ्या वाजल्या, मित्रांनो. मनापासून वाजल्या. पुष्कळ जण काकांजवळ आले. एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाने त्यांचा हात हातात घेतला. रत्नाचे डोळे भरले होते, ती म्हणाली, "काका, सांगायचं नाही का हो आम्हाला?" मला वाटलं झालं आता. माझ्या सगळ्या कड्या आनंदाने ताठ झाल्या होत्या.

मग हात वर करायला सांगितले. लाउंजच्या बाजूने किती?

मिस डेनिसचा भाचा, तो म्हातारा, आणखी इकडेतिकडे थोडे. काकूंचा. काकांनी अर्धवट केला. आमच्या रांगेत कोणी नाही. रत्नाने हात वर केला नाही. विरोधात किती विचारलं तेव्हाही तिने केला नाही, दोन्ही हातांनी पर्स धरून बसली. पण बाकीच्यांचे वर गेले, मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांचेसुद्धा. प्रत्येकाला काकांना खोली मिळावी असं वाटत होतं. फक्त ती ह्या रस्त्यावर नको होती. दुसऱ्या कुठल्यातरी रस्त्यावर हवी होती, आणि त्या रस्त्यावरचे लोकही बहुतेक असेच चांगले असतील.

मिस डेनिसने नकाशा गुंडाळला. ती म्हणाली की लोकांची अशी नापसंती घेऊन शहराकडे जाण्यात अर्थ नाही, वर्षभराने परत बघू. वर्षभर. काकांनी मला मिटवायचा प्रयत्न केला, गुडघ्यात जोर आला नाही, काकूंनी मिटवलं.

त्यानंतर आमच्या दाराची घंटा सारखी वाजायला लागली. रत्ना साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. कोणी पायाला चोळायचं तेल आणलं, कोणी योगाच्या बाईंचा नंबर. ईशान त्याच्या आईने पाठवलेले लाडू देऊन गेला आणि दारात उभा राहून नुसता सॉरी म्हणाला. काकू प्रत्येकाला आत बोलावून चहा करतात. घरभर डबे झालेत. खोली कोणी आणली नाही. कशी आणणार? खोली डब्यातून येत नाही.

बोळात आम्ही आता जात नाही. केयाचा थांबा आहे तिथे, हे कळल्यावर काका तिथे बसेनात. आम्ही लांब जातो, हायवेच्या पुलाखाली, जिथे शाळा नाही, दुकान नाही, माणूस नाही. दुपारी जातो, ऊन असेल तेवढ्यात. काकांच्या बोटांतही आता सुया आल्यात, त्यामुळे त्यांना मी उचलवत नाही. काकू उचलतात. सहासष्ट वर्षांच्या काकू मला खांद्याला लटकवतात, दुसऱ्या हाताने काकांना धरतात, आणि आम्ही तिघं चालतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. मला तसं काही म्हणायचं नाही. मला कपाटात कुकरच्या मागे ठेवा, माझं कापड फाटू द्या, चालेल. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही रस्त्यावर कधीतरी अशी सभा होईल आणि हात वर करायची वेळ येईल. तेव्हा टाळ्या वाजवून झाल्यावर थोडं थांबा. ज्याच्यासाठी वाजवल्या तो उठून कुठे जाणार आहे, ते आधी विचारा. एक खोली. दार असलेली, पंखा असलेली, पाठ टेकता येईल अशी बैठक असलेली, लहान मुलांपासून लांब आणि माणसांपासून जवळ. एवढं झालं की माझी गरज संपली, आणि मला ती संपलेली हवी आहे.

आज पुलाखाली वारा फार आहे. काकांची काडी विझतेय. मी एकाच माणसाची खुर्ची आहे, मला दुसरी बैठक नाही, भिंत नाही, काही नाही. काकूंनी कोटाची बटणं काढली, कोट दोन्ही हातांनी पंखांसारखा उघडून धरला आणि वाऱ्याकडे पाठ करून काकांच्या समोर उभ्या राहिल्या. काका म्हणाले की तू बस ना थोडी, मी उभा राहतो. काकूंनी कोट आणखी ताणून धरला. खोली व्हायची तेव्हा होईल. आत्ता काकू उभ्या आहेत.